आजोबा वैमानिक नव्हते, म्हणून काय झाले?

(माजी सैनिकांच्या घरच्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या सदरात देतो. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि आता परभणीत असतो. ८ ऑक्टोबर हा वायुसेना दिन, त्यामुळे या वेळी हवाई दलात गेलेल्या आजोबांबद्दलची पत्रे एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते. पुढच्या वर्षी त्यांची जन्मशताब्दी आहे. ते लढाऊ विमान चालवायचे, असे घरात सगळे सांगत आले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दोन पदके आणि एक ग्रुप फोटो निघाला. एक पदक सहा टोकांच्या चांदणीसारखे आहे. त्याच्या फितीत मधे लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि निळ्यात केशरी रेघ आहे. दुसरे गोल आणि पांढरट आहे, त्यावर सिंह आहे. फोटोत आजोबांच्या बाहीवर विमानाच्या पंख्याची खूण दिसते. गावच्या शाळेत ‘वीर वैमानिक’ असा फलक लावायचा आहे, मागे लढाऊ विमानाचे चित्र. मजकूर कसा असावा? पदके घासून चकचकीत करावीत का?
— वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : आधी पदकांना हात लावू नका. चिंच नाही, राख नाही, पितळेची भांडी घासायची पावडर तर अजिबात नाही. भारतीय दलांतल्या माणसांना दिलेल्या पदकांवर बहुधा त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव उमटवलेले असते. गोल पदकाच्या कडेवर आणि चांदणीच्या पाठीमागे बघा. अक्षरे बारीक आणि उथळ असतात, दोन वेळा जोरात घासले की गेली. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपा, पदक उजेडात तिरपे धरा आणि भिंगातून वाचा. तो नंबर वहीत उतरवून घ्या. पुढचे सगळे त्या नंबरावर चालते.

तुम्ही वर्णन केले आहे तो बर्मा स्टार. डिसेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४५ या काळात बर्मात, किंवा आसाम-बंगालच्या ठरावीक भागात, प्रत्यक्ष लढाईच्या कामावर असणाऱ्यांना तो मिळे. गोल पदक म्हणजे वॉर मेडल. एका बाजूला इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा राहिलेला सिंह. म्हणजे आजोबा आघाडीवर होते. यात शंका नको.

आता बाहीवरचा पंखा. घरच्यांनी तो बघून वैमानिक म्हटले असणार, आणि ते साहजिकही आहे. पण दोन पात्यांचा पंखा ही लीडिंग एअरक्राफ्टमन, म्हणजे एल.ए.सी., या जवानाच्या हुद्द्याची खूण आहे. वैमानिकाचे पंख छातीवर डाव्या खिशाच्या वर शिवलेले असत. फोटो पुन्हा बघा. तिथे काही नसेल, तर आजोबा जमिनीवरच्या कामात होते : इंजिनाचे फिटर, विमानाच्या सांगाड्याचे रिगर, शस्त्रांचे आर्मरर, वायरलेसवाले किंवा गाडी चालवणारे.

तुमच्या घरात हे ऐकून कुणाचा चेहरा उतरला असेल तर त्याला माझ्याकडून एवढे सांगा.

१९४४ साली जपानी फौज इम्फाळपर्यंत आली. आपल्या हवाई दलाची एक नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, हरिकेन ही लढाऊ विमाने घेऊन फेब्रुवारीतच तिथे पोचली होती. तिचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, जे पुढे मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले. इम्फाळचा रस्ता तुटला तो २२ जूनला खुला झाला. मधल्या काळात धान्य, दारूगोळा, पेट्रोल, सगळे विमानाने यायचे. त्यात पाऊस सुरू झाला. हरिकेनचा मागचा अर्धा भाग पत्र्याचा नव्हता. सांगाड्यावर ताणून बसवलेले कापड आणि त्यावर वार्निशसारखा लेप असायचा. गोळ्यांनी भोके पडली की रिगर ती कापडाचे ठिगळ लावून, लेप देऊन बुजवत. पावसात तो लेप वाळायला किती त्रास झाला असेल ते मला न सांगता कळते. हरिकेनच्या मर्लिन इंजिनाला बारा सिलिंडर. त्याचे काम उघड्यावर, चिखलात, ताडपत्रीखाली. आर्मररने बंदुकांच्या गोळ्यांच्या माळा हाताने भरायच्या, आणि एकही गोळी वाकडी बसता कामा नये. वर विमान उडाले की त्यात एक माणूस असे, आणि खाली त्या एका विमानासाठी राबणारी कितीतरी माणसे.

आमच्या कामात एक वही असते, फॉर्म ७००. प्रत्येक विमानाची स्वतंत्र. रॉयल एअर फोर्सकडून ती आपल्याकडे आली आणि मी नोकरीत होतो तेव्हाही तीच होती. उड्डाणाआधी इंजिनवाला आपले काम तपासतो आणि सही करतो. एअरफ्रेमवाला, म्हणजे विमानाचा सांगाडा बघणारा, करतो, इलेक्ट्रिकवाला करतो, शस्त्रांचा करतो. सगळ्यांच्या सह्या झाल्या की वैमानिक ती वही वाचतो, खाली स्वतःची सही करतो आणि मगच शिडी चढतो. त्या एका सहीवर तो आपला जीव ठेवतो. विशी-बाविशीतला मराठवाड्याचा पोरगा अशी सही रोज करत होता. त्याला शाळेच्या भिंतीवर वैमानिक करून टाकले, तर त्याने खरोखर जे केले ते कुणालाच कधी कळणार नाही. म्हणून फलकावर ‘वैमानिक’ लिहू नका, असे मी अगदी आग्रहाने सांगतो.

मग लिहायचे काय? आधी कागद मिळवा. नवी दिल्लीत सुब्रोतो पार्क येथे हवाई दलाचे रेकॉर्ड ऑफिस आहे. सर्व्हिस नंबर, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, भरतीचे अंदाजे साल आणि तुमचे नाते दाखवणारा पुरावा जोडून अर्ज करा. बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेलात तर सोपे पडेल. आणि एक लक्षात ठेवा, त्या वेळचे अंबाजोगाई कागदावर ‘मोमिनाबाद’ आहे. राज्य हैदराबाद, म्हणजे निजामाचे. बीडचे इंग्रजी स्पेलिंगही आजचे नाही. आडनाव कदाचित नसेलच, कारण नुसते स्वतःचे आणि वडिलांचे नाव लावून भरती झालेले खूप होते. अर्जात ही सगळी रूपे लिहा, नाहीतर ‘अशी व्यक्ती आढळत नाही’ असे उत्तर येईल आणि तुम्ही खचून जाल.

कागदावर ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ऐवजी नुसते ‘इंडियन एअर फोर्स’ असले म्हणूनही घाबरू नका. हवाई दलाला ‘रॉयल’ हा मान १२ मार्च १९४५ ला मिळाला. त्याआधीचा भरतीचा कागद नुसता ‘इंडियन एअर फोर्स’चाच असणार. २६ जानेवारी १९५० ला तो शब्द पुन्हा गेला.

घरात ‘आजोबा बेगमपेठला विमान शिकले’ असेही कुणी म्हणत असेल. महायुद्धात हैदराबादच्या बेगमपेठला नवख्या वैमानिकांची शाळा होती हे खरे. पण तिथल्या विमानांनाही फिटर-रिगर लागतच होते, म्हणून तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. तसेच ‘हैदराबाद स्क्वाड्रन’चे. रॉयल एअर फोर्सच्या ११०, १५२ आणि २५३ नंबरच्या स्क्वाड्रनना हैदराबादचे नाव होते, कारण पैसा निजामाने दिला होता. १५२ च्या तर बिल्ल्यावरच निजामाचा शिरपेच होता. पण त्या इंग्रजांच्या तुकड्या. नाव हैदराबादचे म्हणून त्यातली माणसे आपल्याकडची, असे होत नाही.

फलकावर नाव, नंबर, हुद्दा, काम, सेवेची साले, पदके आणि गावाचे तेव्हाचे व आजचे नाव एवढे पुरे. चित्र लावायचे तर हरिकेन, व्हेंजन्स किंवा स्पिटफायर यांपैकी त्यांच्या स्क्वाड्रनकडे जे असेल ते. फ्लेक्सवाल्याला सांगितले नाही तर तो संगणकातले पहिले जेट विमान उचलून लावतो. आणि मुख्य फोटो तो ग्रुप फोटोच असू द्या, आजोबांभोवती फक्त एक बारीक चौकट. त्यांच्या शेजारी उभे असलेलेही कुणाचे तरी आजोबा आहेत. फोटोच्या मागची बाजूसुद्धा स्कॅन करून ठेवा. नावे, तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो.

प्रश्न : माझे पणजोबा १९४३ मध्ये पुण्याला जाऊन इंग्रजांच्या विमानदलात भरती झाले. १७ सप्टेंबरला गावात हुतात्मा स्मारकापुढे झेंडावंदन होते, स्वातंत्र्यसैनिकांची नावे वाचली जातात. पणजोबांचे नाव त्यानंतर वाचावे अशी आमची विनंती होती. एका ज्येष्ठांनी सुनावले, ‘ते इंग्रजांचे नोकर, त्यांचे इथे काय?’ आम्ही गप्प बसलो. काय उत्तर द्यायचे?
— वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्रामाचा दिवस आहे. ज्यांनी निजामाची तुरुंगवारी भोगली, रझाकारांच्या गोळ्या झेलल्या, त्यांचा तो दिवस. त्या यादीत आपले नाव घालायचा आग्रह मी धरणार नाही, तुम्हीही धरू नका. पणजोबांसाठी ८ ऑक्टोबर आहे, ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन आहे. तुमच्या शाळेत त्या दिवशी कार्यक्रम करा आणि त्या ज्येष्ठांनाच अध्यक्ष म्हणून बोलवा.

पण ‘इंग्रजांचे नोकर’ हे मी ऐकून घेणार नाही. १९४३ साली मराठवाड्यातला पोरगा घर सोडून भरतीला जायचा तो कशासाठी? कुणी पोटासाठी, कुणी सावकाराच्या कर्जासाठी, कुणी यंत्राच्या ओढीने. त्यात लाज कसली? आणि ही माणसे मान खाली घालून राहिली असेही नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केले तेव्हा मुंबईतल्या हवाई दलाच्या छावण्यांमधल्या आपल्या जवानांनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी काम बंद केले होते.

पुढचे तर त्या ज्येष्ठांना मुद्दाम सांगा. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगर वाचवायला शीख पलटण डाकोटा विमानांतून उतरली. देश स्वतंत्र होऊन अडीच महिनेही झाले नव्हते. एवढ्यात नवे फिटर कुठून येणार? ती विमाने ज्यांनी उडती ठेवली ते महायुद्धात तयार झालेलेच हात होते. आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत हैदराबाद संस्थानावरून टेम्पेस्ट विमाने गेली, तीही याच हवाई दलाची. ज्या १७ सप्टेंबरला तुमच्या गावात झेंडा चढतो, त्या दिवसामागे या लोकांचेही थोडे काम आहे. तुमचे पणजोबा तेव्हा नोकरीत होते का, ते रेकॉर्डमधून काढा. महायुद्ध संपल्यावर खूप जणांना घरी पाठवले होते, त्यामुळे ते पाहिल्याशिवाय भाषणात काही ठोकून देऊ नका.

प्रश्न : माझे आजोबा १९७१ च्या युद्धात हवाई दलात होते. आता वय झाले आहे, पण स्मरण चांगले आहे. मला त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून पुस्तिका काढायची आहे. मोबाईल समोर धरला की म्हणतात, ‘काय सांगावं बाई, कामच तर केलं.’ आणि गप्प. त्यांना बोलते कसे करू?
— वाचक, लातूर

उत्तर : ताई, ‘युद्ध कसं होतं?’ असे विचारत असाल तर ते गप्पच बसणार. मलाही माझ्या नातीने विचारले की काय बोलावे सुचत नाही. त्यांना कामाचे विचारा. ट्रेड, म्हणजे कामाचा प्रकार, कोणता होता? ट्रेनिंग कुठे झाले? हातात पहिले विमान कोणते आले? त्याचा सगळ्यात अवघड नट कुठे होता? हा शेवटचा प्रश्न विचारून बघा, अर्धा तास थांबणार नाहीत.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला तेव्हा मी आदमपूरला होतो, सुखोई-७ विमानांवर. अंगावर वर्दी चढवून फार वर्षे झाली नव्हती. पूर्ण ब्लॅकआउट. टॉर्चच्या काचेवर निळा कागद आणि पंजाबातली डिसेंबरची थंडी. आमच्याकडे कामाला लागताना आणि काम संपताना पेटीतली अवजारे मोजायची असतात. एक स्पॅनर कमी भरला की विमान उडत नाही, कारण तो इंजिनात राहिलेला असू शकतो. त्या अंधारात अवजारे दिसायची नाहीत, म्हणून आम्ही ती बोटांनी चाचपून, आकड्यात मोठ्याने म्हणत मोजायचो. शेजारच्या विमानाखालून दुसरा आपली मोजणी म्हणत असायचा. एकदा एक पाना कमी भरला. बाहेर वैमानिक तयार उभा, आणि आमचा सार्जंट शांतपणे म्हणाला, ‘सापडेपर्यंत कोणी हलायचे नाही.’ पाना विमानाखाली, चाकाजवळ सापडला. विमान थोडे उशिरा गेले आणि परत आले. हे मला कुणी ‘युद्धाची आठवण सांगा’ म्हटल्यावर कधीच आठवले नसते. नातीने घरातल्या पान्यांची पेटी उचकटली आणि मी ओरडलो, तेव्हा आठवले.

म्हणून आजोबांच्या हातात काहीतरी द्या. पाना, जुना फोटो, त्यांचे डिस्चार्ज बुक. मोबाईल समोर धरू नका, टेबलावर ठेवून द्या. सकाळच्या चहानंतर बसा, रात्री नको. मधे आजीला बसवा. नवरा आघाडीवर असताना तिने घर कसे चालवले, पत्र किती दिवसांनी यायचे, पोस्टमन दिसला की काय व्हायचे, हेही त्याच पुस्तिकेत यायला हवे. तिच्या वाट्याचे युद्ध कुणी लिहून ठेवत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पदकांची नावे नीट लिहा. १९७१ साठी पूर्वेच्या आघाडीवरच्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. ही शौर्यपदके नव्हेत. ‘शौर्यपदक विजेते’ असे मुखपृष्ठावर छापाल तर त्यांचे जुने सोबती ते वाचतील आणि आजोबांनाच खाली बघावे लागेल. आणि एखाद्या गोष्टीवर ते खरोखरच गप्प झाले, डोळे दुसरीकडे वळवले, तर तो विषय सोडा. पुन्हा विचारू नका.

प्रश्न : माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात होते. ते वारले, सासूबाई नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांना काही मिळू शकते का?
— वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : हो. महायुद्धानंतर पेन्शन न मिळता घरी आलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अर्थसाहाय्य देते. परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज प्रमाणपत्र, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला आणि सासूबाईंचे आधार व बँक पासबुक घेऊन जा. डिस्चार्ज प्रमाणपत्र हरवले असेल तर वर लिहिल्याप्रमाणे नंबर शोधा. सासूबाईंना रांगेत उभे करू नका, आधी फोन करून तुम्ही एकटे जा. आणि हे पत्र वाचून झाले की लगेच जा, या वयात ‘दिवाळीनंतर बघू’ नको.

प्रश्न : आजोबांचे थोरले भाऊ विमानदलात होते, ते बर्माच्या आघाडीवरून परतलेच नाहीत. तार आली होती म्हणतात, ती आता नाही. त्यांचे नाव कुठे तरी लिहिलेले असेल का? दिल्लीच्या युद्धस्मारकात शोधले, मिळाले नाही.
— वाचक, उमरगा (जि. धाराशिव)

उत्तर : दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांसाठी आहे, तिथे ते नसणारच. महायुद्धातल्या मृतांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ठेवते. त्यांच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते, पैसे लागत नाहीत. दलाच्या रकान्यात ‘एअर फोर्स’ निवडा, देशाचा रकाना रिकामा सोडा आणि नावाची इंग्रजीतली सगळी स्पेलिंगे घालून बघा. शेवटी ‘राव’ लावून, न लावून, वडिलांचे नाव आडनावासारखे धरूनही.

देह सापडला असेल तर कबर किंवा दहनाची नोंद इम्फाळला किंवा रंगूनजवळच्या तौकयान स्मशानभूमीत असू शकेल. या भागात बेपत्ता झालेल्या आणि कबर नसलेल्या हवाई दलाच्या माणसांची नावे सिंगापूरला क्रांजी येथील स्मारकाच्या खांबांवर कोरलेली आहेत. त्यात आपली भारतीय नावेही आहेत. नाव सापडले तर नोंदीत खांबाचा क्रमांकही असतो.

सापडलेली नोंद छापून घरातल्या सगळ्यांना द्या. तुम्ही लिहिता की त्यांची तिथी माहीत नसल्याने घरात सर्वपित्रीला पान वाढतात. नोंदीत मृत्यूची तारीख असते. ती पंचांगात बघून तिथी काढता येईल. नाव सापडले नाही, तर भावकीतल्या कुणाकडे भरतीच्या वेळचे एखादे पत्र आहे का विचारा, आणि त्यावर जो काही नंबर असेल तो मला कळवा. मी स्वतः रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहीन.